वॉल काढून टाकू का? गाडीचा थर्मोस्टॅट, कसारा घाट आणि आपले मिस्त्री

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो जवळपास तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर आधी बॅग सांभाळा. आजचा विषय एका बटाटेवड्याएवढ्या वस्तूचा आहे. ती प्रत्येक पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात असते, किंवा असायला हवी. गॅरेजमध्ये तिला 'वॉल' म्हणतात, पुस्तकात थर्मोस्टॅट. आणि आपल्याकडे अनेक वर्षं या वस्तूबद्दल एकच सल्ला मिळायचा: "काढून टाका, आपल्या देशात काय गरज?"

हा सल्ला आला कुठून? देणारे अडाणी होते का? की त्यांच्याकडे काही कारण होतं? आज हाच इतिहास बघायचाय. आणि हा प्रश्न फक्त गाडीवेड्यांचा नाही. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जुनं पिकअप हे एका आख्ख्या कुटुंबाचं पोट असतं. त्याचं इंजिन उतरवायची वेळ आली की मुलांची फी थांबते. एवढी साधी गोष्ट आहे.

आधी हे काम काय करतं ते बघू

डिझेल जळतं त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद चाकाकडे जाते. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि पाण्यातून बाहेर पडते. पाणी इंजिनात फिरतं, गरम होतं, पुढे रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं. सोपं.

पण सकाळी गाडी चालू केल्यावर इंजिन थंडगार असतं. तेव्हा ते आणखी थंड करून काय फायदा? उलट ते लवकर गरम व्हायला हवं. म्हणून रेडिएटरच्या वाटेवर एक दार ठेवलेलं असतं. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत दार बंद. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात एका छोट्या वाटेने फिरतं, त्या वाटेला बायपास म्हणतात. नंतर दार हळूहळू उघडतं. कुठल्या तापमानाला उघडायचं तो आकडा बहुतेक वॉलवर ठोकलेलाच असतो.

गंमत म्हणजे या दाराला वायर नाही, बॅटरी नाही, चिप नाही. आत मेण आहे. हो, मेण! एका पितळी डबीत मेण आणि त्यात तांब्याची पूड. मेण वितळलं की दहा टक्क्यांहून जास्त फुगतं, एका दांडीला ढकलतं आणि दार उघडतं. गार झालं की स्प्रिंग दार लावून टाकते. मी दिवसभर कोड लिहितो, पण एवढी कमी 'डिपेंडन्सी' असलेली सिस्टीम मी अजून लिहिलेली नाही.

कोंबडीच्या पिल्लांपासून सुरुवात

आपोआप तापमान सांभाळणाऱ्या यंत्राची कल्पना चारशे वर्षं जुनी आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक डच माणूस इंग्लंडात राहायचा. त्याने १६२०च्या सुमारास अंडी उबवायची पेटी बनवली. पेटी जास्त तापली की आतला द्रव फुगायचा आणि भट्टीची हवा कमी व्हायची. थंड झाली की उलट. कोणी बघत बसायची गरज नाही.

'थर्मोस्टॅट' हा शब्द दिला अँड्र्यू युर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८३०मध्ये. त्याच्या डोळ्यांसमोर कापडगिरण्या होत्या, कारण गिरणीत तापमान सारखं ठेवणं गरजेचं होतं. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल.

मोटारगाडीत मात्र सुरुवातीला असलं काही नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टीचंच बघा. बहुतेक सगळ्या मॉडेल टी गाड्यांमध्ये पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी वर जातं, गार पाणी खाली येतं, तेवढ्यावर काम चालायचं. थंड देशातले लोक हिवाळ्यात रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावायचे. म्हणजे थर्मोस्टॅट होता, पण तो ड्रायव्हर स्वतः होता!

मग १९१४च्या सुमारास कॅडिलॅकने आपल्या व्ही-एट इंजिनात तापमानावर चालणारी झडप बसवली आणि पुढच्या वीसेक वर्षांत ही गोष्ट सर्रास झाली. त्या काळच्या झडपेत मेण नव्हतं. हार्मोनियमच्या भात्यासारखा धातूचा घडीदार डबा असायचा आणि आत लवकर उकळणारा द्रव. मेणाचा थर्मोस्टॅट आणला सर्जियस व्हर्नेट याने, अमेरिकेत, १९३०च्या दशकात. पुढे कूलिंग सिस्टीम दाबाखाली चालवायला लागले. भात्यावर त्या दाबाचा परिणाम व्हायचा, मेणाला फरक पडायचा नाही. म्हणून मेण जिंकलं.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. जुना भाता फुटला की शक्यतो दार उघडं राहायचं. गाडी थंड चालायची, पण चालायची. मेणाची डबी गळली की मेण ढकलणार कसं? दार बंदच राहतं. मग रेडिएटर कितीही मोठा असो, पाणी तिथवर जातच नाही. इंजिन उकळतं, हेड वाकतं, गॅसकेट उडते. नवी वस्तू जास्त चांगली होती, पण बिघडली की जास्त महागात पडायची. मिस्त्री लोकांचा या वॉलवर राग का, याचं पहिलं कारण माझ्या मते हे आहे.

घाट: आपली प्रयोगशाळा

आता आपल्या भागात येऊ. मुंबई-आग्रा रस्ता ठाण्याहून भिवंडी, शहापूर करत कसाऱ्याला येतो आणि तिथून थळ घाट चढून इगतपुरीला जातो. आपण त्याला कसारा घाटच म्हणतो.

रेल्वेने या घाटाशी आधी झुंज दिली. ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ला, कल्याणला १८५४ला, पण घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं. कसारा ते इगतपुरी चढण सुमारे ३०० मीटरची, आणि उतार ३७ फुटांना १ फूट. आजही तिथे मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, हे नाशिकला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. १९३०मध्ये कल्याण ते इगतपुरी विजेवर गाड्या धावायला लागल्या आणि रेल्वेची वाफ आणि पाण्याची कटकट बरीच संपली.

रस्त्यावरच्या ट्रकला अशी सोय नव्हती. त्याला स्वतःचं पाणी स्वतः गार करायचं होतं. घाटात इंजिनावर पूर्ण लोड, वेग मात्र कमी. म्हणजे उष्णता जास्तीत जास्त आणि समोरून येणारा वारा कमीत कमी. त्यात मागे माल परवान्यापेक्षा थोडा 'जास्त'. घाटात बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक आणि पाण्याचा कॅन घेऊन फिरणारा क्लीनर हे चित्र घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला विचारा, लगेच आठवेल.

अशा ठिकाणी वॉल अडकला तर? तुम्ही ड्रायव्हर आहात, मागे भाजी आहे, पहाटेच्या आत मार्केट गाठायचंय. तुम्ही मिस्त्रीला म्हणणार का, "नवीन मागवा, मी तीन दिवस थांबतो"?

पार्ट मिळायचा कुठे?

दुसरं कारण बाजाराचं आहे. १९२८पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या बनायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण घेतलं की नुसती जोडणी नको, भाग इथेच बनवा. १९५४च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. राहिले देशी कारखानदार. वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर, १९४४ची. तिथे क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो ट्रक, मग फियाट. महिंद्राची जीप. टाटांचा ट्रक, १९५४पासून डाइमलर-बेंझबरोबर. १९५८मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो. आणि हो, 'टेम्पो' हा मराठी शब्द नाही बरं का, हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं ते ब्रँडनेम आहे!

या धोरणाने देशात कारखानदारी उभी राहिली, हे खरंच आहे. ठाण्याचं वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी ही त्याच काळाची लेकरं. पण आयातीवर बंधनं होती आणि रस्त्यावर जुन्या परदेशी गाड्याही होत्या. त्यांचे बारीकसारीक भाग मिळणं अवघड. अशा वेळी मिस्त्रीने शिकलेली पहिली विद्या कोणती? 'याच्याशिवाय गाडी चालते का?' चालत असेल तर तो भाग काढायचा. सर्व्हर पडलेला असताना आपण एखादा चेक कमेंट-आउट करून रात्री झोपतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे तो चेक परत कोणी चालू केला नाही आणि तीच पुढच्या पिढीची रीत झाली.

हात पोचत नाही!

तिसरं कारण सगळ्यात साधं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: हात पोचत नाही.

आपल्या गल्ल्या अरुंद, माल जास्त. मग गाडी लांबीला कमी आणि हौदा मोठा हवा. त्यासाठी इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या बाजूला सरकवलं. महिंद्राने १९६५पासून हलकी मालवाहू वाहनं बनवायला घेतली, ती विलिसच्या 'फॉरवर्ड कंट्रोल' नमुन्यावरची एफसी. नाकच नाही, ड्रायव्हर सगळ्यात पुढे. १९६९ला बजाज टेम्पोची मॅटॅडोर आली, तिचंही इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली. आजही गावाकडे कुठल्याही टेम्पोला 'मॅटॅडोर' म्हणणारे लोक आहेत, इतकी ती रुजली. थंडीत त्या झाकणावर बसायला मजा, मे महिन्यात शिक्षा.

नाकवालं पिकअप, म्हणजे टाटामोबाइल, १९८८चं. पण नाक आलं म्हणून जागा मिळाली असं नाही. पुढे त्याच बॉनेटखाली पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसी, टर्बो असं काय काय घुसत गेलं. थर्मोस्टॅटची जागा बहुतेकदा इंजिनाच्या पुढच्या टोकाला. म्हणजे अल्टरनेटर, बेल्ट, होज पाइप, पंख्याचं कव्हर या सगळ्यांच्या मागे.

ओळखीतल्या एका भाजीवाल्या काकांचं पिकअप आहे, पंधरा वर्षांपेक्षा जुनं. कल्याणच्या बाजारसमितीतून माल उचलतात. तक्रार विचित्र होती: सपाटीला काटा वर येतच नाही, अ‍ॅव्हरेज पडलंय, सकाळी काळा धूर. पण घाटात गेलं की तीच गाडी गरम! शीळ रोडच्या एका गॅरेजमध्ये मी त्यांच्याबरोबर थांबलो होतो.

मिस्त्रीने आधी इंजिन गार होऊ दिलं. मग कुलंट खाली घमेल्यात काढलं. बेल्ट सैल, अल्टरनेटर बाजूला, त्याचं ब्रॅकेट काढलं, होज पाइप सोडला. हाउसिंगच्या तीन बोल्टपैकी दोन आले. तिसरा मागच्या बाजूला, दिसतच नाही, फक्त बोटाला लागतो. गंजलेला. जोर लावला तर तुटणार. तेल मारून अर्धा तास थांबले, चहा झाला, मग लांब एक्स्टेन्शन आणि सॉकेट लावून एकदाचा सुटला. झाकण उघडलं आणि आत काय होतं?

काहीच नव्हतं. रिकामी जागा.

"वॉल तर आहेच नाही, काका. कोणी काढला?"

काका म्हणाले, "मी सेकंड हँड घेतली, बाबा. मला काय माहीत?"

मंडळी, इतिहासाचा पुरावा म्हणजे ताम्रपट आणि शिलालेखच असतो असं नाही. ती रिकामी खाच हासुद्धा पुरावा आहे. कोणीतरी, कधीतरी, एवढीच मेहनत करून तिथवर पोचला होता. वॉल काहीशे रुपयांचा, पण तिथवर पोचायची मजुरी त्याच्या कितीतरी पट. नवा वॉल बसवला आणि तो वर्षभरात अडकला तर परत तेच सगळं, आणि शिव्या मिस्त्रीला. म्हणून त्याने अशी सोय केली की परत यायलाच नको. त्याच्या बाजूने विचार केला तर हा निर्णय पूर्ण समजतो. तोटा मात्र गाडीच्या मालकाच्या खात्यात, रोज थोडा थोडा.

'गरम देश' हे कारण का टिकत नाही

आता हिशोब करू. लंडनला बाहेर १० अंश, कल्याणला ३५. इंजिनाला हवेत साधारण ८५. म्हणजे तिकडे ७५ अंश चढायचंय, इकडे ५०. आपला देश गरम आहे, पण इंजिनाच्या दृष्टीने कल्याणचा मे महिनासुद्धा थंडच आहे! आणि जुलैत भर पावसात रिकामी गाडी घेऊन घाट उतरताना तर पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर नाही, समोरून गार वारा. वॉल नसेल तर काटा झपाट्याने खाली येतो.

थंड इंजिनाने काय होतं? डिझेल नीट जळत नाही, म्हणून धूर. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. शिवाय जळताना तयार होणारी वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते, त्यात आम्ल मिसळतं आणि बोअर गंजतो. १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संस्थेने सिलिंडर का झिजतात यावर संशोधन केलं, तेव्हा हेच हाती आलं होतं: थंड चालणाऱ्या इंजिनाची झीज फार जास्त, आणि त्यात घासण्याइतकाच, किंबहुना जास्त, हात गंजण्याचा.

मग घाटात गरम का होते? लोक म्हणतात, "वॉल नसला की पाणी जोरात पळतं, गार व्हायला वेळच मिळत नाही." हे चूक आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतंय, नुसत्या वेगाने रेडिएटरचं काम कमी होत नाही. खरं कारण बायपासमध्ये आहे. बऱ्याच इंजिनांत वॉलला दोन तबकड्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, तेव्हा दुसरी बायपासची वाट बंद करते. वॉलच काढला की बायपास कायमचा उघडा. मग घाटात, जेव्हा थेंबन् थेंब पाणी रेडिएटरमध्ये जायला हवं, तेव्हा त्यातलं काही गरमच्या गरम मागच्या दाराने इंजिनात परत येतं. म्हणून सपाटीला थंड आणि चढाला गरम! मॅटॅडोरमध्ये जे मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन यायचं, तेही याच पद्धतीचं. म्हणजे गाडी गरम होऊ नये म्हणून केलेला उपाय गाडी गरम करत होता.

इगतपुरी आणि प्रीमियर

जाता जाता या रस्त्याच्या दोन टोकांची गोष्ट. महिंद्राने १९७९ला फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि इंजिनं बनवायचा कारखाना इगतपुरीला. म्हणजे जिथे ट्रक उकळत पोचायचे, त्याच घाटमाथ्यावर इंजिनं बनायला लागली! आणि इकडे खाली, कल्याण-शीळ रोडवर, प्रीमियरच्या कारखान्यात १९९०च्या दशकात त्याच प्यूजोची ३०९ गाडी बनली. ती जोडी काही वर्षांतच मोडली. आज डोंबिवलीत प्रीमियर कॉलनी, प्रीमियर मैदान अशी नावं उरलीत. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना माहितीये की हे 'प्रीमियर' म्हणजे गाड्यांचा कारखाना? आता माहीत झालं.

आता पुढे काय?

काकांच्या गाडीत नवा वॉल बसला. तुमच्या घरी कोणाचं जुनं पिकअप असेल तर चार गोष्टी सांगा. एक, नवा वॉलसुद्धा बसवण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात तपासायचा, कारण एकदा आत गेला की परत हात पोचत नाही. दोन, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि हवा निघायचं बारीक छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला. तीन, जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून नवीन टाकायचं. चार, पाणी भरताना हवा काढायची, नाहीतर नवा वॉल असूनही गाडी गरम होईल आणि परत सगळे म्हणतील, "बघ, म्हटलं नव्हतं काढून टाक!" आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. त्या वाफेने चेहरा भाजतो.

नव्या गाड्यांमध्ये हा वाद आपोआप संपतोय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता पाण्याचं तापमान कॉम्प्युटर वाचतो आणि त्यावरून डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. वॉल काढला तर त्याला वाटतं इंजिन अजून थंडच आहे. त्याच्याकडे यासाठी खास कोडसुद्धा आहे, पी-०१२८. अर्थ साधारण असा की पाणी हवं तेवढं तापत नाहीये, थर्मोस्टॅट बघा. मिस्त्रीने लपवलेली रिकामी खाच आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा होऊन बोलते.

पण रस्त्यावर जुन्या गाड्या अजून खूप आहेत आणि त्यांना बोलायला दिवा नाही. त्यांच्या वतीने आपणच विचारायचं. मिस्त्रीशी भांडू नका. त्याला एवढंच म्हणा, "उस्ताद, पोचायची मजुरी पूर्ण देतो, पण वॉल बसवा." अर्धा वाद मजुरीचाच आहे.

तुमच्या घरात कोणी ट्रक, टेम्पो, मॅटॅडोर चालवली असेल तर त्यांना घाटातल्या गोष्टी विचारा आणि व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकवू. भेटूया, तोवर काटा मधोमध राहू द्या!